कलेक्टरची पिवळी गोळी

“गीळ. गीळ म्हणते ना तुले. गावातले सारे हाडकं गिळतं, अन् घरची एवढीशी गोळी गिळाले काय धाड भरली तुले?”

माय ओरडत होती. तिचा आवाज असा, की ती आंगणात रागावली तर बोडीवरचे, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्यावरचे, बगळे उठून शेजारच्या गावच्या तलावावर जाऊन बसत आणि साकोलीची बस कुणी थांबवली म्हणून उगाच थांबे. कलेक्टरचं मुंडकं तिच्या दोन गुडघ्यांत होतं, मागचे पाय माझ्या हातात, आणि मधलं धड कुणाच्याच ताब्यात नव्हतं. तापाने अर्ध्यावर आलेल्या त्या कुत्र्याच्या धडात तेव्हा बैलजोडीचं बळ होतं. मायने त्याचा जबडा उघडला, जिभेच्या पार मुळाशी गोळी ठेवली, जबडा मिटला, गळ्यावरून हात फिरवला आणि नाकावर फुंकर मारली. डॉक्टरने शिकवलेली ही शेवटची युक्ती होती. कलेक्टरने घोट घेतला आणि जीभ काढून स्वतःचं नाक चाटलं. मायने पुन्हा जबडा उघडून आत डोकावून पाहिलं. इतकं डोकावली, की त्याला वाटतं तर तो तिचं डोकं गिळू शकला असता.

“गेली,” ती म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून, कुत्र्याला उद्देशून, पण भिंतीपलीकडे नीट ऐकू जाईल अशा बेताने बोलली, “कलेक्टर, सांगजो लोकायले, तुह्यावर जीव कोनं लावला ते.”

भिंतीपलीकडे मोठीमाय, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

दरवर्षी दिवाळी ओसरली की मला ते सूप थांबलेलं ऐकू येतं. आता मी भंडाऱ्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर, जिथे सूप कुणाकडेच नाही. तरी या दिवसांत हवा बदलते आणि मी बदलतो. हलका धान कापून झालेला असतो. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, कडपा वाळत पडलेल्या असतात, म्हणजे कापलेल्या धानाच्या त्या लांबच लांब ओळी. संध्याकाळच्या उन्हात त्या पाहिल्या की कुणीतरी जमिनीची वेणी घालून ठेवल्यासारखं वाटतं. गावागावांत मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचे, भोंगे वाजू लागतात, शिंगाड्यांचे ढीग रस्त्यावर येतात, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांच्या गाड्या येतात, आणि आमच्या गावच्या, एकोडीच्या, प्रत्येक चुलीवर रस्सा रटरटत असतो. ओल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास, तळणाचा वास, आणि त्यांच्या खालून, फक्त माझ्यापुरता, एका पिवळ्या गोळीचा कडवट वास. तो आला की माझ्या हाताला आपोआप कुत्र्याचे मागचे पाय आठवतात.

कलेक्टर जन्मला ते साल जिल्हा फुटल्याचं. भंडाऱ्यातून गोंदिया निघालं आणि तिकडे एक साहेब बसले, इकडे एक. त्याच वर्षी आमचं घरही फुटलं. बाबा आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, वेगळे निघाले. बैल एक इकडे, एक तिकडे. गंज, पराती, कोपरं, जी भांडी जोडीने होती ती एकेकटी झाली. अडलं ते बोडीखालच्या बांधीपाशी. बोडीखालची बांधी ज्याची, त्याला पाणी पहिलं. आणि धानाच्या मुलखात पहिलं पाणी म्हणजे काय, ते ज्याने पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, सुकताना पाहिले त्यालाच कळेल. ती बांधी कुणाची, यावरून दोन भाऊ आंगणात एवढे भांडले, की मधोमध मातीची भिंत उभी राहिली. उरलं एक कुत्र्याचं पिल्लू. त्याची वाटणी कशी करायची? मोठेबाबा म्हणाले, “याले कलेक्टर म्हणा. जिल्ह्याले दोन झाले, आपल्या दोन घरायले एकच पुरे.”

पिल्लाने आपला कारभार लगेच हातात घेतला. भिंतीच्या बुडाशी माती उकरून त्याने स्वतःपुरतं भोक पाडलं आणि सकाळचं जेवण आमच्याकडे, संध्याकाळचं तिकडे, अशी पद्धत लावून घेतली. मध्ये गावभर दौरा. मोठा झाला तेव्हा तो असा काही झाला, की त्याने बोडीच्या पाळीवर उभं राहून एकदा भुंकलं तर नागझिऱ्याकडून आलेली रानडुकरं आल्या वाटेने परत जात, आणि जाताना धानाची लोंबी वाकडी करत नसत. हे मी सांगतो म्हणून खरं मानू नका, पण ज्या वर्षी तो आजारी पडला त्या वर्षी डुकरांनी काय केलं ते गावाला विचारा.

भांडण खरं तर भावांचं. ते दोघं वर्ष सरायच्या आत पानठेल्यावर एका काडीवर दोन बिड्या पेटवू लागले. अबोला मात्र माय आणि मोठीमायने धरला, आणि त्या दोघी धरलेली वस्तू सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण एका भिंतीच्या दोन बाजूंना राहायचं आणि बोलायचंच नाही, हे कसं जमावं? म्हणून त्या कुत्र्याशी बोलत. “कलेक्टर, सांग तिले, तिच्या कोंबड्या माह्या वाफ्यात येऊन रायल्या.” पलीकडून उत्तर येई, “कलेक्टर, सांग तिले, वाफ्याले कुंपन घाल म्हणा.” लग्न, मौत, पोरांचे पेपर, सगळ्या बातम्या त्या कुत्र्याच्या कानावरून इकडच्या तिकडे गेल्या. कलेक्टर मध्ये बसून दोन्हीकडे मान फिरवी. कधी जांभई देई.

त्या दिवाळीच्या आधी तो जेवेना. माय म्हणाली, तिकडे खाऊन आला असेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आलं. मी त्याला मोटारसायकलवर पुढे बसवून साकोलीला नेलं. डॉक्टरने कान उलटा केला तर आत गोचिडं अशी बसलेली, जशी एसटीत पाहुण्यांची गर्दी. “गोचिडाचा ताप आहे,” डॉक्टर म्हणाले. “रक्त कमी झालंय. ही गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक, पोटात अन्न असताना. तीन आठवडे. मध्ये खंड पडला तर मग माझ्याकडे आणू नका.” ते हे इतक्या साधेपणाने बोलले की मी घाबरलो. माणूस मोठ्याने बोलला की त्यात थोडं वजा करता येतं. माझ्या घरात तर निम्मं वजा करायची सवय.

गोळी कुत्र्याच्या पोटात घालणं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला ते सोपं वाटतं. भाताच्या गोळ्यात घातली. कलेक्टरने भात खाल्ला आणि गोळी धुऊन पुसून ठेवावी तशी जमिनीवर ठेवली. गुळात घातली, गूळ गेला, गोळी उरली. दुधात कुस्करली, तर वाटीत दूध पिवळं राहिलं आणि कलेक्टर चार पावलं मागे जाऊन बसला. बाबांनी मंडईच्या मटणातला सगळ्यात मऊ तुकडा चिरून त्याच्या पोटात गोळी शिवली. शिवली म्हणजे खरंच, सुईदोऱ्याने. कलेक्टरने मटण खाल्लं, दोराही खाल्ला, आणि गोळी आमच्या पायाशी आणून टाकली. बाबांनी गोळी उचलून उन्हात धरली आणि म्हणाले, “याच्यापेक्षा या कलेक्टरले सोनाराच्या दुकानात ठेवा लागत होतं.”

आणि तरीही तो सुधारत होता. हे आम्हाला तेव्हा विचित्र वाटायला पाहिजे होतं. नाकाचं रक्त थांबलं, शेपूट थोडी हलली, एका सकाळी तो उठून बोडीपर्यंत गेला. पोटात एक गोळी जात नव्हती आणि कुत्रा बरा होत होता. बाबांनी निष्कर्ष काढला की औषध इतकं जहाल आहे, त्याचा वासच पुरतो. मायने मान डोलावली. मीही डोलावली. घरात शिकलेला मीच होतो.

पण वासावर किती दिवस भागणार? मी साकोलीला पुन्हा विचारून आलो, डॉक्टरने जबड्याची युक्ती शिकवली, आणि मग तो दिवस उजाडला ज्या दिवशी माय ओरडली, कलेक्टरने घोट घेतला आणि पलीकडचं सूप थांबलं. त्या दिवसापासून सकाळ संध्याकाळ एकही गोळी वाया गेली नाही. मायने अशी काही कला साधली, की कलेक्टर नुसता तिला पाहूनच जबडा उघडून बसे.

आणि तो खालावत गेला.

आधी अन्न सोडलं. मग भोकातून पलीकडे जाणं सोडलं. मग भिंतीच्या सावलीत, त्या भोकाला लागून, असा पडला, की माशी नाकावर बसली तरी कातडी हलेना. मी त्याचा ओठ वर करून पाहिला. मी कशाचंही तिप्पट सांगतो, हे माझ्या ओळखीचे सगळे जाणतात, पण त्याच्या हिरड्या धुतलेल्या तांदळासारख्या होत्या, त्यात मी काही मिळवलेलं नाही. माय तरी गोळी देत होती. रोग वाढला तर औषध सोडायचं कसं? ती त्याचा जबडा उघडी आणि आता त्याला धरावं लागत नसे, कुणी पाय धरायचीही गरज नव्हती. मी नुसता बाजूला उभा राहायचो.

वर आभाळ भरून येत होतं. दिवाळीनंतरचं ते अवकाळी आभाळ, पावसाळ्यातल्यासारखं गडगडून येत नाही, गुपचूप येतं, घरात घुसलेल्या मांजरासारखं. बांधीत आमच्या साऱ्या कडपा उघड्या पडल्या होत्या. भारे बांधून त्यांचा पुंजणा, म्हणजे गंजी, रचायचा होता. धान भिजला तर पडल्या जागी त्याला कोंब फुटतात, आणि वर्षाचं अन्न गेलं. बाबांनी विळा कमरेला खोचून दारातूनच मायला विचारलं, “शेवंता, आता धान पाह्यतं का कुत्रा पाह्यतं?”

त्याच वेळी कलेक्टर उठला, पुढचे दोन पाय ताणले आणि ओकला.

ओकारीत एक पिवळी गोळी होती. ती आमची, सकाळची. शेजारी अजून एक पिवळी गोळी होती, आणि तिला खोबऱ्याचं आणि खसखशीचं सारण चिकटलं होतं. करंजीचं सारण. त्या वर्षी आमच्या घरी करंजी झालेलीच नव्हती. धान कापणीच्या घाईत मायने नुसता चिवडा केला होता. आम्ही तिघंही त्या दोन गोळ्यांकडे पाहत राहिलो. मग तिघांच्याही नजरा एकदमच भिंतीच्या बुडाशी, त्या भोकाकडे गेल्या.

मोबाईल तेव्हा नवेच होते आणि रेंज मिळायची ती फक्त उंचावर. मी घरामागच्या तणसाच्या ढिगावर चढलो, कमरेपर्यंत रुतलो आणि डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, “दुसरं कोणी देत असेल तर पोटात दुप्पट जातंय. पण किती दिवस, किती, आणि हीच गोळी का दुसरी, ते पक्कं कळल्याशिवाय मी पुढचं औषध देणार नाही. अंदाजाने काही केलं तर जनावर हातचं जाईल. विचारा आणि लगेच घेऊन या.”

मी वरूनच ओरडून मायला सांगितलं. विचारा.

अंतर किती? एका भिंतीचं. पलीकडे मोठीमाय होती, बांगड्या वाजत होत्या. मोठेबाबा आणि बाबा एव्हाना बांधीकडे गेले होते, आभाळ पाहून. मी ढिगावर रुतलेला. माय भिंतीपाशी गेली, पदर कमरेला खोचला, घसा खाकरला आणि नेहमीच्या सवयीने म्हणाली, “कलेक्टर, सांग तिले...”

कलेक्टरने कान हलवला नाही.

“कलेक्टर,” माय पुन्हा म्हणाली. हळू. तो तिच्या पायाशी पडला होता, डोळे अर्धे उघडे, आणि त्याच्याशी बोलण्यात आता काही अर्थ नव्हता हे तिला दिसत होतं. वाऱ्याने आंगणातली धूळ उचलली. वरून मला तिचा फक्त अंबाडा दिसत होता. माणूस जन्मभर बोलतो, पण त्यातले एखाद-दोन शब्द असे असतात की ते तोंडातून काढायला जबडाच उघडावा लागतो, आणि तो उघडायला बाहेरून कुणी नसतं. आता माझी बायको मला रक्तदाबाची गोळी देते आणि समोर उभी राहून गिळताना पाहते. गळ्यावरून हात फिरवायचा तेवढा बाकी ठेवते. मी मुकाट गिळतो. गोळीचं मला काही वाटत नाही. माझा स्वतःचा भाऊ पुण्यात असतो, त्याला फोन लावायचा म्हटलं की मात्र माझी जीभ मागे मागे सरकते, आणि मग मला तो अंबाडा आठवतो.

“बाई,” माय भिंतीला म्हणाली. लग्न होऊन आल्यावर ती मोठीमायला याच नावाने हाक मारायची. घर फुटल्यापासून मी ती ऐकली नव्हती. “बाई, किती गोळ्या चारल्या तुम्हीनं त्याले?”

बांगड्या थांबल्या. मी वरून पलीकडे पाहू शकलो असतो. पाहिलं नाही.

“दोन,” पलीकडून आवाज आला. “सकाळची करंजीत, सांजची करंजीत. त्यानं येनं सोडलं तं भोकातून हात घालून चारली. धनतेरसपासून. माह्या भावानं तुमसरच्या डॉक्टरकडून आणल्या.” मग, “तुह्या हातची तं तो थुकते, असंच समजत होती मी. तुही बी पोटात जाऊन रायली का व?”

“हो ना.”

“माय व,” मोठीमाय म्हणाली, आणि तिच्या घराचं पुढचं दार वाजलं.

आमच्याकडे यायला तिला बाहेरून यावं लागे. दारातून रस्त्यावर, रस्त्याने पिंपळापर्यंत, तिथून वळून आमच्या फाटकातून आत. कुत्र्याला जे दोन उड्यांत जमे, त्यासाठी माणसाला अर्धं गाव फिरावं लागे, आणि त्या अर्ध्या गावात त्या दिवशी मंडईचे पाहुणे बाजा टाकून बसले होते. सगळ्यांनी पाहिलं. हातात गोळ्यांचं पाकीट, पायात चप्पल नाही, आणि ती कुणाकडे पाहत नव्हती.

पाकिटावरचं नाव आमच्या पाकिटावरचंच होतं. मी पुन्हा ढिगावर चढून ते फोनवर वाचून दाखवलं. “आणा,” डॉक्टर म्हणाले.

कुणी धरायचं यावर वाद झाला नाही, कारण दोघीही बसल्या. मोटारसायकलवर पुढे मी, मागे माय, शेवटी मोठीमाय, आणि दोघींच्या मधोमध गोधडीत गुंडाळलेला कलेक्टर. गाडीची मागची बाजू एवढी खाली गेली की पुढचं चाक साकोलीपर्यंत जमिनीला टेकलंच नाही, असं मी आजवर सांगत आलो आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक कडपा गोळा करत होते, बाया, म्हातारे, मंडईला आलेले जावईसुद्धा. कुणी वर पाहत नव्हतं. पावसाचा एक थेंब माझ्या हातावर पडला, मग एक कपाळावर.  एकदा मोठीमाय म्हणाली, “मान वर धर त्याची.” एकदा माय म्हणाली, “धरली हाय.” एका वळणावर कलेक्टरने उसासा सोडला आणि दोघींनी एकदम त्याच्या छातीवर हात ठेवला. ते मला पाठीला कळलं.

डॉक्टरने सलाईन लावली. बाटली टांगायला खिळा नव्हता म्हणून मोठीमायने हात वर करून ती धरली, आणि हात भरून आला तेव्हा मायने घेतली, आणि मग पुन्हा तिने. दवाखान्याच्या पत्र्यावर पाऊस टपटपत होता. थांबत होता. पुन्हा टपटपत होता. दोघींचे कान पत्र्याकडे होते आणि डोळे सुईकडे. आमची कडप, त्यांची कडप, बोडीखालची ती बांधी, सगळी त्या पत्र्यावर वाजत होती. डॉक्टर म्हणाले, आज काही देऊ नका, रात्र गेली तर उद्या सकाळी भाताची पेज, आणि उद्या संध्याकाळपासून पुन्हा गोळी. “पण एकच,” ते म्हणाले. “आणि एकाच हाताने.”

मोठा पाऊस आला नाही. आभाळ साकोलीवर उभं राहून, जरा विचार करून, लाखांदुराकडे निघून गेलं. आम्ही परत आलो तेव्हा बाबा आणि मोठेबाबांनी दोन्ही घरांचे भारे बांधून एकाच उंचवट्यावर दोन पुंजणे रचले होते, आणि मधे बसून बिड्या ओढत होते.  मोठेबाबांनी नुसती मान वर करून पाहिलं, आणि कलेक्टरच्या पोटाची हालचाल दिसल्यावर ती पुन्हा खाली घातली.

सकाळी त्याने पेज घेतली. अर्धी वाटी, जिभेच्या टोकाने, पाहुणा लाजत जेवतो तशी. दुपारी डोकं उचललं. दोघी त्याच्या दोन बाजूंना बसल्या होत्या, आमच्या आंगणात, लाखोरीची भाजी निवडत. मी दारात उभा होतो. आता काही तरी होणार, असं मला वाटत होतं. कुणी रडेल, कुणी कुणाच्या गळ्यात पडेल, इतक्या वर्षांचं सगळं बाहेर निघेल. मायच्याही मनात तेच असावं. तिने भाजी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि सुरू केलं. बाई, चुकलंच आमचं. यांनी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं, आणि मी तरी कशाला धरून बसले. जाऊ म्हणजे बहीणच, आणि बोडीखालच्या बांधीचं काय एवढं, माती ती माती, चार माणसांत बसून आपण एकदा...

मोठीमायने देठ मोडून बाजूला टाकला.

“बांधीचं मंग पाहू,” ती म्हणाली. “सांजची गोळी तू देतं का मी देऊ?”